मोसंबीची कूज सलीतून सुरू होते

भादवा लागला की जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, बदनापूरकडच्या बागांत सकाळी आळ्यात पडलेली मोसंबी दिसू लागते. अंबे बहाराचं फळ तेव्हा भरत आलेलं असतं आणि तोडणी तोंडावर आलेली असते. पडलेलं फळ फेकून देण्याआधी हातात घेऊन नीट पाहावं. देठाभोवती तपकिरी, मऊ डाग असेल तर ती देठकूज. सालीवर चामड्यासारखा तपकिरी चट्टा पसरत असेल आणि उग्र वास येत असेल तर ती फायटोप्थोराची तपकिरी कूज. टाचणीनं टोचल्यासारखं बारीक छिद्र आणि त्याभोवती सडका गोल दिसला तर तिथे रात्री पतंग बसून गेला आहे. रोग तीन, वाटा तीन. आणि बहुतेक बागांत तिन्हींवर एकच औषध फवारलं जातं. पैसा जातो आणि फळही जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

देठकूज कोलेटोट्रिकम, बोट्रिओडिप्लोडिया, अल्टरनेरिया या बुरशींमुळे होते. त्यांचा मुक्काम वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे सलीवर असतो. पावसाच्या पाण्याबरोबर बीजाणू सलीवरून ओघळतात आणि खालच्या फळाच्या देठाशी जाऊन बसतात. म्हणून जालन्यात फळकुजीचं मूळ पावसाइतकंच दुष्काळातही शोधावं लागतं. 2012च्या दुष्काळात इथल्या शेतकऱ्यांनी टँकरनं पाणी घालून बागा जगवल्या. कित्येकांना उभी झाडं तोडावी लागली. अशा ताणातून वाचलेल्या झाडावर सल जास्त निघते आणि पुढे चांगला पाऊस झाला की तिच्यावरची बुरशी फळावर उतरते. तोडणी संपली की सल काढायची, ती काढताना हिरव्या भागाचा बोटभर तुकडाही घ्यायचा, कापलेल्या जागी बोर्डो मलम लावायचं आणि काड्या बागेबाहेर नेऊन जाळायच्या. फवारणीइतकंच, किंबहुना तिच्याहून मोलाचं हे काम आहे. पण मजुरी महाग पडते, म्हणून नेमकं तेच पुढच्या वर्षावर ढकललं जातं.

झाडावर राहिलेल्या वाळल्या भागातूनच रोग पसरतो, हे चेरीच्या बागांतही दिसतं. मोनिलिनिया बुरशीनं सडलेली चेरी झाडावरच सुकून लटकत राहते आणि पुढच्या फुलोऱ्याला तिच्यावरूनच लागण होते. म्हणून चेरीचे बागायतदार हिवाळ्यात ती सुकी फळं वेचून नष्ट करतात.

फायटोप्थोराचं चालणं वेगळं. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडवून लाखो माणसं उपासमारीत लोटणारा रोग याच कुळातला. अँटोन डी बारी यांनी 1876 मध्ये या कुळाला हे नाव दिलं. मोसंबीवरचा फायटोप्थोरा मातीत राहतो आणि त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. खोडावर डिंक्या आणतो तो हाच. जोराच्या पावसात चिखलाचे शिंतोडे उडाले की जमिनीलगतच्या फळांना आधी लागण होते. लोंबणाऱ्या फांद्यांना बांबूचा टेकू द्यावा, आळ्यात वाळल्या गवताचं आच्छादन करावं. आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबतं. दोन ओळींमध्ये उताराला धरून चर काढलाच पाहिजे. पाणी देताना दुहेरी आळं करावं, म्हणजे बुंधा कोरडा राहतो. नव्या लागवडीत कलमाचा डोळा मातीच्या चांगला वीतभर वर ठेवावा आणि खुंट रंगपूर लाइमचा घ्यावा.

पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. फवारणीच्या एक टक्का मिश्रणाला तेवढ्याच मोरचूद-चुन्याला 100 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत भिजवायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही. मिश्रण झालं की स्वच्छ विळा त्यात क्षणभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिला आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवत जावी, नाहीतर पानं करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावं, शिळं वापरू नये.

पतंगावर बुरशीनाशक चालत नाही. त्याच्या अळ्या बांधावरच्या गुळवेल, वासनवेलीवर वाढतात आणि पतंग रात्री बागेत येऊन फळात सोंड खुपसतो. त्या छिद्रातून बुरशी आत शिरते. बागेलगतच्या या वेली काढाव्यात, संध्याकाळी ओल्या गवताचा धूर करावा आणि पडलेली फळं रोज उचलून खड्ड्यात खोल पुरावीत. शेजाऱ्यानंही तेच केलं तरच उपयोग, कारण पतंग काही बांध ओळखत नाही.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि हे फळ ट्रकनं दिल्लीपर्यंत जातं. इतक्या लांबच्या प्रवासात हिरवी बुरशी खरचटलेल्या सालीतूनच आत जाते. दव असताना तोडणी करू नये, फळ ओढून न काढता कात्रीनं देठ ठेवून कापावं, जमिनीवर आपटू देऊ नये. व्यापाऱ्यानं उभी बाग घेतली असली तरी तोडणीच्या दिवशी मालकानं बागेत हजर राहावं. तोडणारे हात घाईत असतात. झाडाची फांदी पिरगळली तर तिची सल पुढच्या वर्षी मालकालाच काढावी लागते.