भाजीबाजार हेंच बियाण्याचें दुकान

मुंबईसारख्या शहरांत गच्चीवर किंवा सज्जांत चार कुंड्या ठेवणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. परंतु त्या कुंड्यांत मिरची, मेथी आणि कोथिंबीर यांपलीकडे फारसें कांहीं आढळत नाहीं. नाळीची भाजी, करटोलें, चौधारी घेवडा यांचें बीं मागावें, तर बियाण्याच्या दुकानांत बहुधा नकारच मिळतो. दुकानदाराचा यांत दोष नाहीं. यांपैकीं कांहीं भाज्या बियांवरून लावीत नाहींत आणि बाकीच्यांच्या बियांना गिऱ्हाईक थोडें. अशा वेळीं शोध घ्यावयाचा तो भाजीबाजारांत.

कोणत्या बाजारांत काय येतें, हें मात्र ठाऊक पाहिजे. पावसाळ्यांत दादर स्टेशनाबाहेर पालघर, वसई, कर्जत या बाजूंच्या बायका टाकळा, कुर्डू, करटोलीं अशा रानभाज्या घेऊन बसतात. माटुंग्यास दाक्षिणात्य स्वयंपाकाचा माल असतो. १८६९ सालीं उभारलेल्या क्रॉफर्ड मार्केटांत, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईंत, चिनी कोबीसारख्या भाज्याही मिळतात.

नाळीचें काम सर्वांत सोपें. जुडींतील पानें स्वयंपाकास घ्यावीं व पेरें असलेल्या जून दांड्या पाण्यांत ठेवाव्या. थोड्याच दिवसांत पेरांना मुळें फुटतात. मायाळूचेंही तसेंच. नाळी घरीं लावण्यास आणखी एक कारण आहे. लोहमार्गालगत सांडपाण्यावर पालेभाज्या पिकवितात, ही मुंबईकरांची तक्रार जुनी आहे. सांडपाण्यांतील धातू झाडाच्या अंगांत शिरतात. ते भाजी कितीही धुतली तरी जात नाहींत. नाळी तर पाण्यांतच वाढणारी. तेव्हां तिला कोणतें पाणी मिळालें, हें ठाऊक असलेलें बरें.

करटोल्याची गोष्ट इतकी सरळ नाहीं. बाजारांतील फळ कोवळें असतें, त्यांतील बीं रुजत नाहीं. पिकून नारिंगी झालेलें फळ मिळालें, तरी बियांचें कवच कठीण व उगवण सावकाश. त्यांतून नर वेल निराळा आणि मादी वेल निराळा. फूल येईपर्यंत ओळख पटत नाहीं. कुंडींत एकटाच वेल कितीही माजला, तरी फळाची आशा व्यर्थ. म्हणून बियांच्या मागें न लागतां कंद मिळवावा. पावसाळ्यानंतर वेल वाळतो, पण जमिनींत कंद जिवंत राहतो व पुढल्या पावसाळ्याच्या तोंडाशीं फुटतो. मादी फुलाच्या बुडाशीं इवलेंसें काटेरी फळ आधींच दिसतें, नराला नुसता देठ असतो. ही खूण पाहून ज्या बाईनें वेल हेरून ठेवला असेल, तिच्याकडूनच कंद घ्यावे. दोन माद्या व एक नर घरापुरते पुरे. रानांतला कंद खणला म्हणजे तो वेल तेथून गेला आणि त्या बाईची दरसालची कमाईही गेली. तेव्हां कंदाचा भाव करतांना घासाघीस शोभत नाहीं. फुलें सायंकाळीं उमलतात. सातव्या मजल्यावर पाखरूं कोठून यावें? नर फूल खुडून तें मादी फुलावर अलगद फिरवावें, म्हणजे फळ धरतें.

चौधारी घेवड्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें १९७५ सालीं स्वतंत्र पुस्तिका काढली होती. त्याची शेंग, पान, फूल, बीं, एवढेंच नव्हे तर मुळाशीं धरणारा कंदही खातात. तरीही शहरांतील पुष्कळ हौशी लोक कंटाळून हा वेल उपटून टाकतात, याचें कारण ऋतूची चूक. दिवस लहान होऊं लागल्यावांचून याच्या बहुतेक जातींना फूल येत नाहीं. जानेवारींत लावला तर कित्येक महिने पानेंच पाहावीं लागतात. बाजारांत शेंग दिसली तर विक्रेत्यास वेलावरच वाळलेली एखादी आणावयास सांगावें. बीं रात्रभर भिजवून जूनमध्यें पेरावें. पुढें शेंगा धरल्या, कीं दोन-तीन वेलावरच वाळूं द्याव्या. त्यांत आपल्याला पुढल्या सालचें बीं होतें आणि शेजाऱ्यासही देतां येतें.