हौस कोणाची? मुंबईच्या गोल्फची कहाणी



चेंबूरकडे जातांना घरांच्या आणि कारखान्यांच्या दाटींत एक भलें मोठें हिरवें मैदान लागतें. कुंपणापलीकडे गोल्फ खेळतात एवढें बहुतेकांना ठाऊक असतें. त्यापुढें आपली माहिती जात नाहीं. आज या खेळाचा आपल्याकडील इतिहास थोडक्यांत सांगावा आणि त्यांत दडलेला एक प्रश्नहि आपल्यापुढें ठेवावा, असें योजिलें आहे. तो प्रश्न असा कीं, 'हौशी खेळाडू' म्हणावयाचें तरी कोणाला?

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. एक लहानसा कठीण चेंडू काठीनें टोलवीत दूरवरच्या खळग्यांत घालावयाचा, आणि असे अठरा खळगे कमींत कमी टोल्यांत पुरे करावयाचे, हें या खेळाचें सार. येथें प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूला कोणी हात लावीत नाहीं. ज्याचा त्याचा सामना मैदानाशीं. म्हणूनच उणेअधिक कुवतीच्या माणसांना यांत बरोबरीनें खेळतां येतें. समजा, एखाद्या मैदानावर निष्णात खेळाडूला ७२ टोले लागावेत अशी अपेक्षा आहे. ज्या गृहस्थास एरवीं ९० लागतात, त्यास १८ टोल्यांची सूट मिळते. एखाद्या दिवशीं त्यानें ८८ टोल्यांत खेळ संपविला, तर त्याचे ७० धरले जातात, आणि सुटीशिवाय ७१ टोले घेणारा निष्णात त्याच्यापुढें हरतो! विटीदांडूंत धाकट्या भावाला आपण एक जादा डाव देतों ना, तीच ही रीत. फक्त गणितांत बसविलेली.

हा खेळ स्कॉटलंडांतून इंग्रजी अमदानीबरोबर आपल्याकडे आला. कलकत्त्यास १८२९ सालीं गोल्फचा क्लब निघाला आणि मुंबईंत १८४२ सालीं. त्या वेळचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवींत पिसें ठासून शिवलेला गोळा. तो हातानें एकेक बनवावा लागे, म्हणून महाग. आणि ओला झाला कीं जड होऊन उसवे. १८४८ च्या सुमारास मलायांतील एका झाडाच्या चिकापासून चेंडू करण्याची युक्ति निघाली. हा चीक गरम पाण्यांत मऊ होतो आणि सांच्यांत घालतां येतो. चेंडू स्वस्त झाला आणि खेळ पसरला. १८९२ सालीं हौशी खेळाडूंची अखिल भारतीय स्पर्धा सुरू झाली.

परंतु हा सारा खेळ साहेबांचा. नाशिकचें हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजहि गांवकऱ्यांच्या तोंडीं 'गोल्फ क्लब मैदान' आहे. खेळणारे गेले, मैदानावर क्रिकेट आलें, अधिकृत नांव १९०९ सालीं कलेक्टर जॅक्सनचा वध करणाऱ्या तरुणाचें पडलें. तरी गोल्फ शब्द मागें राहिला. आमच्या समाजाचा या खेळाशीं संबंध बराच काळ एवढाच, नांवापुरता होता.

मुंबईंत हा बांध फुटूं लागला तो १९१८ सालीं. शहरांतील बड्या युरोपीय क्लबांत हिंदी माणसाला सभासद होतां येत नसे. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकारानें निघालेल्या विलिंग्डन क्लबांत मात्र हिंदी व युरोपीय दोघांनाहि प्रवेश मिळाला. पण अठरा खळग्यांच्या पुऱ्या मैदानास शंभर-दीडशें एकर जागा लागते. ती शहरांत कोठून मिळणार? कुर्ला-चेंबूर लोहमार्ग १९२४ सालीं उतारूंसाठीं खुला झाला होता. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९२७ सालीं, चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला. तेव्हां चेंबूर हें शहराबाहेरचें खेडें होतें. आज शहरच मैदानाभोंवतीं दाटलें आहे.

आतां मघांच्या प्रश्नाकडे वळूं. खेळणाऱ्या गृहस्थाबरोबर त्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारा एक माणूस असतो. त्यास कॅडी म्हणतात. जमिनीचा उतार, वाऱ्याचा रोख, गवताची दाट-विरळ हें सारें त्याला पाठ असतें. पण गोल्फच्या जुन्या नियमांत असें होतें कीं, ठराविक वयानंतर ज्यानें मजुरीनें काठ्या वाहिल्या, तो हौशी राहिला नाहीं, तो धंदेवाईक! म्हणजे मैदान ज्याला सर्वांत अधिक कळतें, त्यालाच हौशी स्पर्धेचें दार बंद. हौसेची व्याख्या प्रेमावरून नव्हे, खिशावरून झाली. अमेरिकेंत फ्रान्सिस विमे नांवाचा एकेकाळीं काठ्या वाहिलेला वीस वर्षांचा हौशी पोरगा १९१३ सालीं व्हार्डन आणि रे या नामांकित इंग्रज धंदेवाइकांना हरवून राष्ट्रीय विजेता झाला. तरी १९१६ सालीं, खेळाच्या सामानाचें दुकान चालवितो म्हणून त्याचें हौशीपण काढून घेतलें. तें १९१८ सालीं परत मिळालें.

आपल्याकडे दोन्ही वाटांनीं यश आलें. १९६५ सालीं पी. जी. सेठी यांनीं हौशी राहूनच इंडियन ओपन जिंकली. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत लक्ष्मण सिंग यांनीं वैयक्तिक सुवर्णपदक मिळविलें, आणि सांघिक सुवर्णहि भारताचेंच. तर १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे मूळचे दिल्लीचे कॅडी.

आणि चेंबूर? मैदानाजवळच्या वस्त्यांतील मुलांनीं लोखंडी सळई वाकवून काठी केली, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला आणि घरांमधल्या बोळांत आपला गोल्फ मांडला. त्यांतले कांहीं पुढें व्यवसायी खेळाडू झाले. ज्या खेळाला शंभर एकर लागतात, तो या मुलांनीं बोळांत बसविला. याहून निर्भेळ हौस ती कोणती?

काठ्या वाहिल्यामुळें हौशीपण जाण्याचा तो नियम आतां उरला नाहीं. पण कुंपण आहे. खारघरला सिडकोनें बांधलेलें मैदान सभासद नसलेल्यांनाहि शुल्क भरून खेळतां यावें अशा योजनेचें आहे. ही दिशा योग्य वाटते. इतकी जागा थोड्यांच्या खेळासाठीं कां ठेवावी, असें कोणी विचारलें, तर त्यास उत्तर एकच: थोड्यांचा खेळ पुष्कळांचा करून दाखवावा. मोकळी जमीन शहरास हवीच. तिच्यावर इमारती उठविणें हा इलाज नव्हे. आठवड्यांतून एक सकाळ जरी वस्तींतल्या मुलांसाठीं फाटक उघडलें, तरी सळईची काठी घेऊन उभा असलेला पोर आपली हौस खऱ्या हिरवळीवर पारखून पाहूं शकेल.