सॅम्पल फुकट, पण ठेका कुणाचा?

शनिवारी पालीला मित्राची हळद आहे. डीजे कोण? अर्थात तुम्हीच! सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट आणि वीकेंडला डेक, असा डबल रोल करणारे हल्ली प्रत्येक ऑफिसात एक-दोन तरी सापडतात. लॅपटॉप आहे, कंट्रोलर आहे, वऱ्हाड तर नाचायला टपलेलंच आहे. फक्त एक अस्सल कोकणी ठेका हवाय, चार बारचा, लूपमध्ये चपखल बसणारा. म्हणून नेटवर 'इंडियन ढोल' असा सर्च मारता. येतं काय? भांगडा, आणखी भांगडा आणि तोंडी लावायला सतार.

भांगडा झकास असतो, त्याच्याशी भांडण नाही. पण त्याची चाल वेगळी आणि आपल्या कोळीगीताचा ठेका वेगळा. रायगड-रत्नागिरीत लग्नात, पालखीत वाजणारा खालूबाजा तर त्याहून निराळा. ढोल, टिमकी, झांज आणि वर सनई. पाठ्यपुस्तकी 'भारतीय संगीत' विकणाऱ्या सॅम्पल पॅकमध्ये हे आवाज सहसा नसतातच.

मग शॉर्टकट म्हणून व्हिडिओवरून ऑडिओ खेचला जातो. इथेच माती होते. कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये वरच्या पट्टीतले आवाज छाटलेले असतात. इअरफोनवर ते कळत नाही, पण मोठ्या स्पीकरवर झांज कढईतल्या भज्यांसारखी तळली जाते. त्यात टेम्पो ताणलात तर विचारूच नका. एमपीथ्रीची वेव्ह फाइल करूनही उपयोग नाही. झेरॉक्सची झेरॉक्स लॅमिनेट केली म्हणून ओरिजिनल होते का? शंका आलीच तर ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम बघा. १६ किलोहर्ट्झच्या वर सरळ रेषेत कापल्यासारखा अंधार दिसला, तर माल बहुतेक रिपॅक केलेला आहे. सॅम्पल घ्यायचं तर वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ आणि जमलं तर २४ बिट.

चांगला माल मिळतो कुठे? बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेली 'फ्रीसाउंड' ही माझी पहिली पसंती. जगभरातल्या लोकांनी रेकॉर्ड केलेले आवाज तिथे आहेत, अगदी रेल्वे फलाटापासून पावसापर्यंत. मात्र प्रत्येक आवाजाखालचं लायसन्स वाचा. 'सीसी झीरो' असेल तर बिनधास्त वापरा, 'अ‍ॅट्रिब्युशन' असेल तर नाव द्या आणि 'नॉन-कमर्शियल' असेल तर पैसे घेऊन वाजवायच्या सेटपासून लांब ठेवा. बीबीसीने २०१८ मध्ये खुले केलेले हजारो साउंड इफेक्टही ऐकायला भन्नाट आहेत, पण फुकटची परवानगी आहे ती बिगरव्यावसायिक वापरापुरती. 'स्प्लाइस'सारख्या ठिकाणी वर्गणी भरावी लागते, पण क्वालिटीची कटकट मिटते. आणि हो, 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे! एकदा पैसे मोजा, मग दर वेळी रॉयल्टी नाही, इतकाच त्याचा अर्थ.

लायसन्सचं हे पुराण बोअर वाटतंय? मग 'आमेन ब्रेक'ची गोष्ट ऐका. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या अमेरिकन बँडच्या ग्रेगरी कोलमनने एका गाण्यात जेमतेम सहा-सात सेकंद ड्रम वाजवला. तो तुकडा पुढे हिपहॉप आणि जंगलमधल्या हजारो ट्रॅकमध्ये वापरला गेला. कोलमनला त्यातून काहीच मिळालं नाही, तो २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला. आपल्याकडचंही उदाहरण आहे. 'ज्योती' सिनेमातलं लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' हे गाणं २००२ मध्ये 'अ‍ॅडिक्टिव्ह' या अमेरिकन हिटमध्ये न विचारता वापरलं गेलं. संगीतकार बप्पी लाहिरी कोर्टात गेले आणि त्यांचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायला मनाई झाली.

लाहिरींकडे वकील होता. टिमकी वाजवणाऱ्या काकांकडे कोण आहे? डीजे आला तशी कितीतरी लग्नांतून त्यांची सुपारी गेली. आता त्यांचाच ठेका आपण फुकटात उचलायचा, हे जरा जास्तच झालं.

म्हणून माझं मत विचाराल तर नेटवरून किक, बास, इफेक्ट खुशाल घ्या, पण ठेका गावातून घ्या. पालीला जाताच आहात तर हळदीच्या आधी तासभर खालूबाजावाल्यांना गाठा. काय करणार आहात ते नीट सांगा, बिदागी आधी ठरवा आणि मिक्स नेटवर टाकणार असाल तर तेही बोला. रेकॉर्डर दहा-बारा फुटांवर ठेवा, लेव्हल तांबड्यात जाऊ देऊ नका. आधी एकेक वाद्याचे सुटे ठोके घ्या, मग सगळ्यांना एकत्र वाजवू द्या. फोनवरच घेणार असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग बंद करा, नाहीतर ढोल पडला की सनई गायब!

वेळ उरला तर बल्लाळेश्वराच्या देवळात जा. तिथली मोठी घंटा चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईच्या मोहिमेत जिंकून आणलेली, असं सांगतात. म्हणजे युरोपात ओतलेली आणि कोकणात वाजणारी. यापेक्षा भारी रिमिक्स कुठला? रेकॉर्ड मात्र देवळात विचारूनच करा.

आणि रात्री दहाला स्पीकर बंद. कायदाच आहे तसा. त्यानंतर खऱ्या ढोलालाही तो उघड्यावर लागू होतो, तेव्हा खालूबाजावाल्यांचा नंबर सेटच्या सुरुवातीलाच लावा.