विटांच्या भिंती आणि बिनतारी दिवे

पुण्याच्या पेठेतील एखादा जुना विटांचा वाडा डोळ्यांपुढे आणा. भिंती हातभर जाड, जिना अंधारा, आणि जिन्यातील दिव्याचे बटण मात्र खाली चौकात! वरच्या खोलीतील आजींनी रात्री उतरावे कसे? वर दुसरे बटण बसवावे, तर तारेसाठी भिंत खोदावी लागते आणि चुन्याचा जुना गिलावा ढासळतो. अशा घरी बिनतारी बटण उपयोगी पडते.

हे बटण दाबताच रेडिओलहरींवाटे दिव्याला संदेश जातो. परंतु जाड वीट, त्यातून ओल धरलेली, या लहरी शोषून घेते. वाय-फायच्या सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या लहरी दोन-तीन भिंतींतच क्षीण होतात. झेड-वेव्ह पद्धतीच्या लहरी सुमारे ३५ सेंटिमीटर लांब; त्या अधिक आत शिरतात. झिगबीच्या लहरी आखूडच असतात, पण तिची युक्ती मोठी नामी आहे. तिचा प्रत्येक दिवा ऐकलेला संदेश पुढच्या दिव्याला सांगतो. विहिरीवरून हातोहात घागर यावी, तसा संदेश भिंती ओलांडतो.

बटण निवडतानाही विचार हवा. जुन्या बटणाच्या पेटीत पुष्कळदा न्यूट्रल तार नसते. त्यामुळे तेथे बसणारी बरीच बिनतारी यंत्रे चालत नाहीत. त्यापेक्षा लहान सेलवरचे, किंवा बोटाच्या दाबानेच वीज निर्माण करणारे बटण घ्यावे. ते आजींच्या खाटेशेजारी नुसते चिकटवता येते.

मात्र चौकातील जुने बटण कोणी सवयीने बंद केले, की दिव्याची वीज तुटते आणि वरचे बटण मुके होते. म्हणून जुन्या बटणावर झाकण बसवणे बरे.