रजाचिठ्ठी ते बी. यू. : नियम कुठे अडतो?

घर असो, शाळा असो की दुकान, आपल्या गुजरातमधील शहरांत बांधकामाला महानगरपालिकेची दोनदा संमती लागते. प्रथम नकाशे मंजूर होऊन रजाचिठ्ठी मिळते. त्यानंतरच पाया खणायचा. काम पूर्ण झाल्यावर ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे का हे पाहून वापराची परवानगी, म्हणजे बी. यू., दिली जाते. नियम असा सरळ आहे. अंमलात मात्र तो तीन ठिकाणी अडतो.

पहिली अडचण बी. यू. नंतरची. पार्किंगच्या जागी दुकाने येतात, गच्चीवर छप्पर घालून वर्ग भरतात. कागदावर इमारत पूर्वीचीच असते. सुरतच्या तक्षशिला आर्केडला २४ मे २०१९ रोजी आग लागली, तेव्हा सर्वांत वर असाच वाढवलेल्या जागेत क्लास चालू होता. २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले.

दुसरी अडचण नोटीस आणि कारवाई यांतील अंतराची. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी २७ जणांचा बळी गेला. ते अनधिकृत बांधकाम पाडण्याची नोटीस २०२३ मध्येच निघाली होती. पाडले मात्र गेले नाही.

तिसरी अडचण 'इम्पॅक्ट फी'ची. शुल्क भरून अनधिकृत बांधकाम नियमित करून देणारे कायदे राज्यात २००१, २०११ व २०२२ मध्ये झाले. सरसकट पाडापाडी केली तर अनेकांचा निवारा जाईल, हे खरेच. पण दर दहा वर्षांनी सवलत मिळते असे दिसले, की नियम पाळणाऱ्यालाच आपण फसलो असे वाटू लागते.

बांधून झालेले पाडण्यापेक्षा आधी अडवणे सोपे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात वीज, पाणी व मलनिःसारणाची जोडणी वापराचे प्रमाणपत्र पाहूनच द्यावी, असे बजावले.

आपणही काही करू शकतो. क्लास ठरवताना पालक फी विचारतात, बी. यू. आणि अग्निशमन दलाचे प्रमाणपत्रही विचारावे. विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी दुसरा जिना कुठे आहे ते पाहून ठेवावे. विश्वस्तांनी शाळेची ही कागदपत्रे पालकांना सहज पाहता येतील अशी ठेवावीत, आणि स्नेहसंमेलनासाठी गच्चीवर कायमची शेड घालायची असली तरी आधी नकाशा मंजूर करून घ्यावा.