पिशवी काढण्याआधी

दसरा झाला. आठ-पंधरा दिवसांत गावातल्या निम्म्या घरांना कुलूप लागेल. मुकादमाची गाडी येईल आणि कोयते फडावर निघतील. म्हणून आज बचत, हप्ता, व्याज यांबद्दल काही बोलत नाही. आज पाळीच्या दुखण्याबद्दल बोलू. घरात पुरुष माणूस बसलेला असला तरी रेडिओ बारीक करू नका. त्यांनीही ऐकावं असंच हे आहे.

हा विषय आमच्यापुढे आला तो कर्जाच्या वहीतून. आपल्या गटाच्या वहीत ‘कर्जाचं कारण’ असा एक रकाना असतो. शेळी, बियाणं, शाळेची फी, पत्र्याचं छप्पर. एका मार्चअखेरीला आम्ही वह्या जुळवत बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की ‘दवाखाना’ हा शब्द फार वेळा आला आहे. विचारत गेलो तर त्यातल्या कितीतरी ठिकाणी उत्तर एकच मिळालं, ‘पिशवीचं ऑपरेशन’. बाया तिशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. आणि त्या प्रत्येक कर्जावर आमच्याच सह्या होत्या. शेळीसाठी कर्ज देताना आम्ही दहा प्रश्न विचारतो. पिशवीसाठी देताना एकही विचारला नव्हता.

पाळीत दुखतं का?

गर्भाची पिशवी म्हणजे मुठीएवढी स्नायूंची पिशवी. दर महिन्याला तिच्या आत मऊ अस्तर तयार होतं. दिवस राहिले नाहीत तर ते अस्तर गळून पडतं, तीच पाळी. ते बाहेर टाकायला पिशवी आवळते. तिला आवळायला लावणारं एक द्रव्य त्या अस्तरातच तयार होतं, त्याला प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. ज्या बाईच्या अंगात ते जास्त, तिची पिशवी जास्त जोरानं आवळते आणि कळा येतात. बाळंतपणाच्या कळांची ही धाकटी बहीणच. या द्रव्यामुळेच काहींना त्या दिवसांत मळमळतं, जुलाब होतात, मांड्या भरून येतात. तेव्हा ‘नाटक करते’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

हे झालं साधं दुखणं. वयात आल्यावर एक-दोन वर्षांत ते सुरू होतं. पाळीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी चढतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. यात पिशवीला काही रोग नसतो.

दुसरं दुखणं वेगळं. इतकी वर्षं पाळी नीट येत होती आणि आता पंचविशी-तिशीनंतर दुखायला लागली. किंवा दुखणं पाळीच्या आधीच आठवडाभर सुरू होतं आणि पाळी गेली तरी राहतं. किंवा नवऱ्याजवळ जाताना दुखतं, संडासला बसताना कळ येते. याच्यामागे काहीतरी कारण असतं. पिशवीत मांसाची गाठ असेल, आतलं अस्तर पिशवीच्या बाहेर किंवा तिच्या भिंतीत वाढत असेल, जंतुसंसर्ग असेल. तांबी बसवल्यावरही काही बायांचं दुखणं आणि रक्त वाढतं. या प्रत्येकावर वेगवेगळा उपचार आहे. म्हणून आधी कारण शोधायचं.

फडावर काय करायचं?

आम्हाला ठाऊक आहे, फडावर ‘आराम करा’ म्हणणं सोपं नाही. एक खाडा पडला की उचलीतून पैसे कापले जातात. अंघोळीला आडोसा नाही, डोक्यावर मोळी, आणि पहाटे अंधारात काम सुरू. तरीही काही गोष्टी कोपीवर होऊ शकतात.

पहिली म्हणजे शेक. जाडं मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधा आणि ओटीपोटावर, कमरेवर शेका. हातावर लावून आधी बघा, भाजू देऊ नका. शेकानं आवळलेला स्नायू सैल होतो. ही आजीची युक्ती आजचे डॉक्टरही सांगतात.

दुसरी म्हणजे गोळी, पण वेळेवर. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड या गोळ्या ते आवळणारं द्रव्यच कमी करतात. म्हणून कळा असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. दुखायला लागताच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात घ्यायची. उपाशीपोटी कधीही नाही. ज्यांना पोटात अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास आहे, किंवा दिवस गेल्याची शंका आहे, त्यांनी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मेफेनॅमिक अॅसिडनं क्वचित कुणाला मोठी रिअॅक्शन येते, तसा इशारा देशाच्या औषध विभागानं २०२३ साली दिला आहे. गोळीनंतरच्या दिवसांत किंवा आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, सूज आली तर गोळी बंद आणि थेट दवाखाना. जाण्याआधी उपकेंद्रात नर्सताईंना विचारा. कोणती गोळी, दिवसातून किती वेळा, हे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि चिठ्ठी गोळ्यांबरोबरच ठेवा.

तिसरी म्हणजे रक्त. आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. मुळात रक्त कमी, त्यात पाळी जास्त जाते, मग चक्कर येते, दम लागतो. त्याला आपण ‘पाळीचं दुखणं’ म्हणतो. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या. संडास काळी होते, त्यानं घाबरू नका.

आणि एक गोष्ट करू नका. सणासाठी, लग्नासाठी किंवा खाडा नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका. त्या हार्मोनच्या गोळ्या आहेत. काहींना त्यानं रक्ताच्या गुठळीचा धोका असतो.

कॅलेंडरवर खूण करा

घरोघरी भिंतीवर कालनिर्णय असतं. दुधाचा खाडा, गॅसची टाकी, उसनवारी, सगळं आपण त्यावर लिहितो. पाळी मात्र लिहीत नाही. उद्यापासून लिहा. पाळी आली त्या तारखेला गोल, थांबली तिथे फुली. दुखलं त्या दिवशी एक ते दहा यांत किती दुखलं तो आकडा. दिवसातून किती फडकी किंवा पॅड बदलले तेही. फडावर जाताना पान फाडून सोबत न्या. तीन महिन्यांचं असं पान डॉक्टरांपुढे ठेवलं तर ‘खूप दुखतं हो’ म्हणण्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

पुढचं काही दिसलं तर मात्र तीन महिने थांबायचं नाही. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते. तासा-दोन तासाला पॅड भिजतो. रुपयापेक्षा मोठ्या गाठी पडतात. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जातं. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसतं. घाण वास आणि ताप आहे. आणि पाळी चुकल्यावर एका बाजूला अचानक भयंकर दुखून घेरी येत असेल, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट येते.

पिशवी ही शेवटची पायरी

आता ज्या गोष्टीसाठी आज बोलायला बसलो ती. २०१९ साली आपल्या बीड जिल्ह्याचं नाव देशभर गेलं, ते पिशव्या काढलेल्या बायांमुळे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा बायांमागे एक. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली.

ऑपरेशन कधीच करू नये, असं आम्ही म्हणत नाही. कॅन्सर असेल, गाठी मोठ्या असतील, कशानंच रक्त थांबत नसेल, तर ते करावं लागतं आणि त्यानं जीव वाचतो. पण त्याच्या आधी पायऱ्या आहेत. तपासणी, रक्त, सोनोग्राफी. मग दुखण्याच्या आणि रक्त कमी करण्याच्या गोळ्या. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं हार्मोनच्या गोळ्या. पाळणा लांबवायची माला-एन अशा दुखण्यावरही उपयोगी पडते, पण बीपी असलेल्या किंवा तंबाखू ओढणाऱ्या बाईला ती चालत नाही. हार्मोनची तांबीही असते, तिनं रक्त खूप कमी होतं. नुसती गाठ काढून पिशवी ठेवताही येते.

आणि ‘अंगावर पांढरं जातं म्हणजे पुढे कॅन्सर होणार’ हे खरं नाही. पांढरं जाणं बहुतेक वेळा साधं असतं किंवा जंतुसंसर्गानं असतं. तो औषधानं बरा होतो. काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. कॅन्सरची शंका असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी करून ती फेडता येते.

आमच्या वहीतली एक बहीण, तिचं कर्ज आम्ही न विचारता मंजूर केलं होतं. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. ‘खाडे मोडायचे नाहीत,’ एवढंच म्हणाली. आज तिला अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, हाडं दुखतात, मोळी उचलत नाही. आम्ही तिचा दवाखान्याचा कागद पहिल्यांदा वाचला तो ऑपरेशननंतर दोन वर्षांनी. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली होती. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. हाडं बळकट ठेवणारं द्रव्य अंडाशयात तयार होतं. आता तिच्यावर सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत. हप्ते मात्र ती अजून भरते आहे. ज्या मैत्रिणींचं ऑपरेशन झालं आहे, त्यांनी आपला कागद काढून कुणाकडून तरी वाचून घ्या. अंडाशयं काढली असतील तर डॉक्टरांना तसं सांगून उपचार मागा.

म्हणून गेल्या वर्षी दुसऱ्या एका बहिणीनं त्याच कारणासाठी पस्तीस हजार मागितले, तेव्हा आम्ही पैसे बाजूला काढून ठेवले, पण हातात दिले नाहीत. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव, म्हणालो. ती चिडली. ‘पिशवी माझी, दुखणं माझं, तुम्ही कोण?’ म्हणाली. तिचं चूक नव्हतं. आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत सरकारी रुग्णालयात गेल्या. रक्त आठ निघालं, सोनोग्राफीत लहानशी गाठ. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. लोहाच्या आणि रक्त कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या. दुखणं संपलेलं नाही. पण पाच दिवस पडून राहायची ती आता एक दिवस पडते. पैसे तिनं मागे वळवले आणि शेळ्या घेतल्या.

तेव्हापासून गटाच्या वहीत आम्ही चार प्रश्न लिहून ठेवले आहेत. तुम्हीही पाठ करा आणि डॉक्टरांना विचारा:

१. मला नेमकं काय झालंय? कागदावर लिहून द्या.
२. ऑपरेशनशिवाय दुसरा उपाय कोणता, आणि तो किती दिवस करून पाहायचा?
३. अंडाशयं ठेवणार की काढणार?
४. थांबलो तर काय होईल?

मग तोच कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा, शक्यतो सरकारी. दोघांचं म्हणणं एक आलं तर गट कर्ज देईल, आणि सोबत माणूसही देईल.

फडावर जाणाऱ्या मैत्रिणींनो, बोचक्यात भाकरीचं पीठ आणि अंथरूण बांधाल, त्यात कोरडी सुती फडकी, साबण, गोळ्यांची चिठ्ठी आणि कॅलेंडरचं पानही ठेवा. आणि जाण्याआधी एकदा उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. पाडव्याला परत आलात की पहिल्या बैठकीला ते पान घेऊन या. आम्ही वही उघडून बसलेल्या असू.