मँगनीज : भरवेलीचा दगड, प्रयोगशाळेतील धातू आणि कथेतील गुपित

मध्य प्रदेशातील बालाघाट शहराच्या अगदी जवळ भरवेली हे गाव आहे. तेथील खाणीतून शतकाहून अधिक काळ मँगनीज काढले जात आहे आणि आज ही खाण जमिनीखाली खोलवर पोहोचली आहे. गोंदिया, भंडाऱ्याला लागून असलेला हा जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला. नागपुरात मुख्यालय असलेली, १९६२ साली स्थापन झालेली ‘मॉइल’ ही कंपनी भरवेलीसह उकवा आणि तिरोडी येथील खाणी चालविते. सांगे, केपे भागातील खाणींमुळे मँगनीज हा शब्द गोमंतकीय वाचकालाही परका नाही. मात्र हा शब्द उच्चारणारा प्रत्येक जण एकाच वस्तूबद्दल बोलत असतो असे नव्हे.

खाणीच्या भाषेत मँगनीज म्हणजे काळा, जड दगड. त्यात धातू असतो खरा, परंतु तो ऑक्सिजन, सिलिका, लोह यांच्याशी बांधलेला असतो. म्हणून व्यवहार चालतो तो टक्क्यांवर, आणि टक्केही एका प्रकारचे नाहीत. पोलादासाठी फेरोमँगनीज बनविणारा विचारतो, धातू किती, फॉस्फरस किती? बॅटरी बनविणारा विचारतो, डायऑक्साइड किती? एकाच ढिगाची ही दोन उत्तरे भिन्न येतात. शुद्ध मँगनीज डायऑक्साइडमध्ये धातूचे प्रमाण सुमारे ६३ टक्के असते. ब्राउनाइट या खनिजातही जवळजवळ तितकेच. तरीही कोरड्या बॅटरीत पहिलेच उपयोगी पडते, कारण तेथे धातू नव्हे, तर इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची डायऑक्साइडची क्षमता हवी असते. दगड दिसायला दोन्ही काळेच. किंमत मात्र या फरकावर ठरते.

रसायनशास्त्रज्ञाला मँगनीज म्हटले की पंचवीस अणुक्रमांकाचे मूलद्रव्य आठवते. स्वीडनच्या योहान गान यांनी ते १७७४ साली कोळशाच्या साहाय्याने खनिजापासून वेगळे केले. हा धातू करडा, कठीण आणि इतका ठिसूळ की एकट्याने तो फारसा कामाचा नाही. लोखंडात सुमारे बारा टक्के मिसळला की मात्र आघातांनी अधिकच कणखर होणारे पोलाद तयार होते. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली शोधलेले हे पोलाद रेल्वेच्या रुळांच्या सांध्यांवर आजही वापरतात. हिरव्या पानात पाण्याचे विघटन करून प्राणवायू मोकळा करणाऱ्या रचनेतही मँगनीजचे चार अणू असतात.

मनुष्यदेहालाही त्याची अत्यल्प गरज असते. ती अन्नातून भागते. तोच पदार्थ धूळ होऊन वर्षानुवर्षे श्वासावाटे गेला तर मज्जासंस्था बिघडते. ग्लासगोमध्ये काळे मँगनीज दळणाऱ्या कामगारांची चाल अडखळू लागल्याची, आवाज क्षीण झाल्याची नोंद कूपर या डॉक्टरांनी १८३७ सालीच केली होती. खडक ओला ठेवून छिद्रे पाडण्याचा आग्रह उगाच धरला जात नाही.

आता कथेकडे वळू. नावाचे मूळ ग्रीसमधील मॅग्नेशिया या प्रदेशाशी जोडले जाते. किमयागार मॅग्नेशिया हा शब्द परीस घडविणाऱ्या गूढ द्रव्यासाठी वापरीत. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याने आपल्या एका कथेत त्यांची मजेदार थट्टा केली आहे. शिष्य विचारतो, तो दगड कोणता? गुरू एक अनोळखी नाव सांगतो. ते काय म्हणून विचारताच दुसरे सांगतो, मॅग्नेशिया. अज्ञाताचा खुलासा अधिक अज्ञाताने!

विसाव्या शतकातील कथा याहून धाडसी होती. बुडालेली सोव्हिएत पाणबुडी पॅसिफिकच्या तळातून उचलण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने १९७४ साली एक महाकाय जहाज पाठविले आणि जगाला सांगितले की ते समुद्रतळावरील मँगनीजचे गोळे गोळा करणार आहे. बनाव टिकला, कारण गोळे खरे होते. ते किती खरे, हे आपल्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दाखविले. तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी असे गोळे समुद्रतळातून वर आणले.

जुन्या नावाचा घोळ अजून पुरता मिटलेला नाही. पांढऱ्या मॅग्नेशियातून मॅग्नेशियम आले, काळ्यातून मँगनीज. खताच्या दुकानात मॅग्नेशियम सल्फेट आणि मँगनीज सल्फेट शेजारीशेजारी असतात. पहिले पांढरे, दुसरे फिकट गुलाबी. मॅग्नेशियम कमी पडले तर जुनी पाने आधी पिवळी पडतात. मँगनीज कमी पडले तर कोवळी. कुळागरात पिवळेपणा दिसला, तर दुकानात जाण्यापूर्वी तो कोणत्या पानांवर आहे हे पाहून ठेवावे आणि पिशवीवरचे नाव पूर्ण वाचावे.